मास्तरांची निम्म्या उजेडाची स्क्रीन

चिमटाबाई हे काही तिचं खरं नाव नव्हे. एकोणीस वर्षं ती जिन्याखालच्या दुकानात चिमटा धरून फोन दुरुस्त करत आली, आणि बोलतानाही चिमटे काढल्याशिवाय राहत नसे, म्हणून ते नाव चिकटलं. फोन बनवणाऱ्या कंपन्यांवर तिचा दात होता. "आधी सगळं गोंदानं चिकटवायचं, मग म्हणायचं उघडू नका! मेले फोन बनवतात की शवपेट्या?"

तिचा धाकटा दीर अशाच एका कंपनीच्या शोरूममध्ये लागला होता. स्क्रू कसा फिरवायचा हे त्याला हिनंच शिकवलेलं. एक दिवस तो गुळगुळीत पत्रक घेऊन आला.

"वहिनी, आता तरी खूश व्हा. कंपनी सुटे भाग देणार, हत्यारं देणार. ज्याचा फोन त्यानंच घरी दुरुस्त करायचा."

"लांडगा मेंढरांची विचारपूस करायला लागला, की मी आधी दाराची कडी बघते," ती म्हणाली. दिराचं तोंड एवढंसं झालं.

महिन्याभरानं भाषेचे निवृत्त मास्तर दोन अवजड पेट्या ओढत दुकानात आले. फुटलेली स्क्रीन स्वतः बदलायची म्हणून त्यांनी कंपनीकडून नवी स्क्रीन आणि हत्यारं मागवली होती. हत्यारं आणि फुटकी स्क्रीन सात दिवसांत परत करायची. पाच दिवस ऐंशी पानांच्या पुस्तिकेशी झुंजून मास्तरांनी फक्त अंगठा कापून घेतला होता.

चिमटाबाईनं पाऊण तासात नवी स्क्रीन बसवली. स्क्रीन लागली, पण उजेड निम्माच! वर पट्टी आली: या भागाची ओळख पटलेली नाही. मास्तरांची नजर अधू. त्यांना अक्षर दिसेना. त्यांनी तिथूनच कंपनीला फोन लावला.

"दुरुस्ती तुम्ही स्वतः केलीत?" पलीकडून विचारणा झाली.

मास्तरांना खोटं बोलता येईना. "नाही, या बाईंनी केली."

"मग ती योजनेत बसत नाही. नव्या भागाची नोंद आम्ही करणार नाही."

चिमटाबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. शटर ओढून, पेट्या आणि मास्तर घेऊन ती थेट शोरूममध्ये धडकली. दीर पंधरा-वीस लोकांना तीच योजना समजावत होता. तिनं पेटी त्याच्या टेबलावर आदळली.

"भाग तुमचा, हत्यारं तुमची, फोन मास्तरांचा. मग ओळख का पटत नाही, ते सांग या लोकांना."

मॅनेजर धावत आला. "बाई, अनधिकृत हात लागला की सुरक्षितता राहत नाही."

"तुमच्या या पोराला शिकवलं ते याच हातांनी. मग आधी याला काढा!"

लोक हसले. दिराच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. त्यानं रखवालदाराला खूण केली. "या बाईंना बाहेर न्या."

या बाईंना! वहिनी नाही, काही नाही. तिनं पेटी उचलली आणि मास्तरांना घेऊन ती बाहेर पडली.

पुढचे दोन दिवस तिनं दुसरं काम घेतलं नाही. मास्तरांच्या फुटक्या स्क्रीनवरची तांदळाच्या कणीएवढी, फोन जिच्यावरून स्क्रीन ओळखतो ती चिप सूक्ष्मदर्शकाखाली उचलून तिनं नव्या स्क्रीनवर बसवली. फोनला स्क्रीनची ओळख पटली, उजेड पुरा आला. पेट्या तिनं परत पाठवल्या, फुटकी स्क्रीन मात्र ठेवून घेतली. ती परत न दिल्याबद्दल मास्तरांना योजनेतून काढल्याचं पत्र आलं. मास्तरांनी त्यातल्या अकरा चुका लाल शाईनं दुरुस्त केल्या आणि ते कंपनीलाच धाडलं.

रविवारी दीर घरी आला, खाली मान घालून बसला.

"सोडून दे," नवरा म्हणाला, "लहान आहे तो."

"अंगात कपडे कंपनीचे घालू दे," ती म्हणाली, "जीभ तरी घरची ठेवायची होती."

दिरानं माफी मागितली, तीही दोनदा. ती चष्मा पुसत राहिली. आजही त्याला काही सांगायचं झालं, तर ती नवऱ्याकडे बघून बोलते.