आमच्या अभ्यासिकेतले हुशार

अभ्यासिकेत अभ्यास किती होतो ते सोडा, पण किस्से मात्र दाराशी चपला साठतात तसे साठतात! आमची अभ्यासिका पांढरकवड्यात, हायवेला लागून, टायरच्या दुकानावर. खाली ट्रकची चाकं ठोकणं चालू, वर आमचं राज्यघटना पाठ करणं चालू. गावातले लोक म्हणत, "पोरं लय हुशार हायेत वरतची!" आम्हालाही काही दिवस ते खरं वाटलं.

*

आमचा प्रवीण पर्यायी प्रश्नांचा बादशहा. चार पर्याय समोर असले की गडी वाघ! नसले की संपला.

दिग्रसला मुलगी पाहायला गेलता. मुलीच्या वडिलांनी प्रेमानं विचारलं, "पाहुणे, चहा गोड चालते का फिका?"

प्रवीण विचारात पडला. म्हणाला, "बाकीचे दोन पर्याय कोणते जी?"

तेवढ्यात आतून मुलीचा आवाज आला, "वरीलपैकी एकही नाही!"

आम्हाला वाटलं, गेलं स्थळ हातचं. महिन्यानं लग्नाची पत्रिका आली!

*

एकदा भर दुपारी अभ्यासिकेत साप निघाला. आठ-दहा जण बाकांवर चढले. वैभव सगळ्यात उंच, थेट टेबलावर! वनरक्षकाच्या परीक्षेसाठी त्यानं सापांचा धडा तोंडपाठ केलता. वरूनच ओरडला, "भिऊ नका बे! धामण हाय. बिनविषारी! मानसाले काई करत नाई!"

मी म्हटलं, "मंग तू उतर ना खाली!"

"म्या वाचलं हाय बे," वैभव टेबलावरूनच म्हणाला, "पन सापानं वाचलं हाय काय?"

*

सुजाता झरी जामणीकडच्या एका खेड्यातली. आमच्यात खरा अभ्यास करणारी ती एकटीच. एकदा एसटीत शेजारच्या म्हातारीनं विचारलं, "काय शिकून राह्यली वं बाई?"

"स्पर्धा परीक्षेची तयारी करून राह्यली, आजी."

"स्पर्धा? कोनासंग?"

"लाखो पोरा-पोरींसंग."

म्हातारीनं तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "बाप्पा! अन् तू एकलीच?"

*

माझंही सांगतो. एक रिटायर्ड साहेब आमच्या सराव-मुलाखती घ्यायचे. फुकट घ्यायचे, पण घाम काढायचे. मला म्हणाले, "तुम्ही स्वतःला पुस्तकी हुशार समजता का?"

"नाही सर. तसा असतो तर पहिल्याच झटक्यात पास झालो असतो."

"मग व्यवहारी हुशार?"

"तसा असतो तर इतकी वर्षं इथं बसलो असतो का, सर?"

साहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "मग तुम्ही नेमके आहात तरी काय?"

"उमेदवार, सर!"

*

आणि मग सुजाता फौजदार झाली!

तिच्या गावात शाळेसमोर सत्काराचा मांडव घातला. आम्ही सगळे गाडी करून गेलो. हार, शाल, भाषणं झाली. सुजाता ताठ बसली होती, पण डोळे सारखे भरून येत होते. पहिल्याच रांगेत तिची मोठी बहीण रंजनाताई, मांडीवर लेकरू घेऊन. टाळ्या वाजवून वाजवून तिचे हात लाल झालेले.

शेवटी सरपंचांनी सुजाताच्या आईला आग्रहानं माइकसमोर उभं केलं. बाई आयुष्यात कधी माइकवर बोलली नव्हती. "सगळ्यायले जयभीम" म्हणून ती माघारी वळली.

सरपंचच मदतीला धावले. "काकू, सांगा बरं सगळ्यायले. सुजाता लहानपनापासूनच हुशार होती ना?"

आईनं सुजाताकडे पाहिलं, मग खरं काय ते सांगितलं.

"ही? ही काई तितकी हुशार नोयती."

मांडव खदखदून हसला. सुजाताही हसली.

"हुशार तं माही मोठी होती," आई म्हणाली. "पन बारावीतच तिचं लगन करून देल्लं."

सरपंच माइककडे हात न्यावा की नाही या विचारात. सगळे रंजनाताईकडे पाहू लागले.

रंजनाताईनं मांडीवरचं लेकरू सावरलं आणि पहिल्या रांगेतूनच, माइकशिवाय, सगळ्या मांडवाला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं,

"माय, हे तू मले आज सांगून राह्यली?"