दोन जहाजांमधली दुपार

जेवणाच्या टेबलावर बायकोने लागोपाठ करायच्या दोन क्रूझची माहितीपत्रकं शेजारी शेजारी मांडली आहेत. पहिलं जहाज सकाळी मुंबईला परत येतं आणि दुसरं त्याच संध्याकाळी मुंबईहूनच सुटतं. मधल्या वेळात घरी यायचं की बंदरावरच बसून राहायचं, हे काही ठरेना.

तेवढ्यात शेजारच्या वहिनी आल्या. आम्ही कुठेही निघालो की हातावर दही त्याच ठेवतात. सगळं ऐकून त्यांनी विचारलं, "मग दही एकदाच द्यायचं की दोनदा?"

"घरी आलो तर दोनदा," बायको म्हणाली.

"पण लगेच निघायचंच असेल, तर ते येणं कसलं?" मी म्हणालो.

कुलूप काढायचं, पंखा लावायचा, बिनदुधाचा चहा प्यायचा आणि पुन्हा कुलूप लावायचं. त्या दुपारी आम्ही घरी असू की सहलीवर, मला खरंच कळत नाही.

"जहाजावर काय काय करायचं, ते तरी सांगा," बायको म्हणाली.

मी डोळे मिटून पाहिलं. समुद्र काही दिसेना. दिसत होत्या त्या आमच्या दारात वाटी घेऊन थांबलेल्या वहिनी.