इंजिनात काय भरतात

पनवेलच्या पुढे, करंजाड्याच्या बाजूला एका उघड्या आवारात रुळांचे तुकडे टाकून त्यांवर वाफेची जुनी इंजिनं उभी करून ठेवली आहेत. तिथे शाळांच्या सहली येतात. त्या मुलांना मराठीत माहिती सांगायला रविवारी एक गाईड हवा होता. आमच्या कॉलेजात पर्यटनाचा कोर्स आहे. मॅडम म्हणाल्या, सगळ्यांना तिथेच घेऊन जाते, इंजिनासमोर बोलायला लावते आणि एकाला निवडते.

मला ते काम हवं होतं. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच, आणि लोकांसमोर उभं राहून बोलायचं काम तर आमच्याकडे कोणालाच कधी मिळालं नव्हतं.

अडचण एकच होती. मी बोनकोड्याची. आमच्या घरच्या बोलीत 'ण' नाही. लिहिताना माझा तो कधी चुकत नाही, बोलताना मात्र घाई झाली की निसटतो. आणि वाफेच्या इंजिनाबद्दल बोलायचं म्हणजे पाण्याशिवाय कसं बोलणार? मी आठवडाभर मोरीत उभी राहून सराव केला. आई बाहेरून म्हणाली, "पान्याला आनि किती नावा लागतान तुमाला?"

शेवटी मी तो शब्दच काढून टाकला. 'आणि'च्या जागी 'व' घातला.

त्या दिवशी ऊन फार होतं. इंजिनाच्या लोखंडाला हात लावता येत नव्हता. माझी बाटली तिथे पोचेपर्यंतच संपली होती. माझा नंबर आला. भट्टी, धुराडं, कोळसा सगळं नीट सांगितलं. मग म्हणाले, "बॉयलरमध्ये जल उकळतं व त्याची वाफ होते."

मॅडमनी हात वर केला. "जल? अभिषेक घालतेस का इंजिनाला?"

सगळे हसले. मीही थोडी हसले.

"पाणी म्हण."

"पानी."

"जीभ टाळूला लाव. पाणी."

मी लावली. पुन्हा 'पानी'च आलं. मॅडमनी मला इंजिनाकडे तोंड करून उभं केलं आणि म्हणाल्या, "त्याला सांग. त्याला घाई नाही." मी सांगत राहिले. आधी दोनतीन वेळा बरोबर आलं असेल, मग मान वळवली तर मागे कोणीतरी मोबाइल धरून शूटिंग करताना दिसलं आणि काहीच बरोबर येईना.

आमच्या वर्गात ऐरोलीचा एक मुलगा आहे. तो म्हणाला, "मॅडम, हिच्याकडे नळाला पानीच येतं. पाणी येतच नाही."

मॅडम हसल्या, मग मला शांतपणे म्हणाल्या, "वाईट वाटून घेऊ नकोस. पण लहान मुलं ऐकणार गं. त्यांनी पेपरात तसंच लिहिलं तर?"

मी बाजूला जाऊन उभी राहिले.

त्यानंतर तो ऐरोलीचा मुलगा बोलला. वाफ पिस्टनला कशी ढकलते, हे त्याने येताना बसमध्ये मलाच विचारलं होतं. मी सांगितलेली वाक्यं त्याने जशीच्या तशी म्हटली, फक्त 'पाणी' स्वच्छ. मॅडमनी त्याला निवडलं. वर माझ्या खांद्यावर हात ठेवून त्याला म्हणाल्या, "माहिती हिला चांगली आहे. अडलं तर हिला विचारत जा."

परतताना बसमध्ये पाण्याच्या बाटल्यांचा खोका त्याच्या सीटखाली होता. तो एकेकाला बाटली देत मागे आला. माझ्यापाशी थांबला आणि बाटली वर धरली.

"काय हवंय? नाव घे, देतो."

मागच्या सीटवरचे पुढे वाकले. मॅडम पुढे बसल्या होत्या. त्यांनी वळून पाहिलं आणि पुन्हा पुढे बघू लागल्या.

"नको," मी म्हणाले.

तो बाटली मागच्याला देऊन गेला. घर येईपर्यंत मी खिडकीबाहेर बघत बसले. घसा इतका कोरडा पडला होता की जीभ टाळूला चिकटून राहिली होती, मॅडमना हवी होती तिथेच.