माझ्या कादंबरीतली चोर

थंडी सुरू झाली की आमच्या भागात गावोगावी मराठी साहित्य संमेलनं भरतात. कडोलीचं सगळ्यांना माहीत आहे. मी जाते ते त्याहून लहान, बेळगावपासून अर्ध्या तासावरच्या एका खेड्यातलं. सकाळी ग्रंथदिंडी, मग भाषणं, दुपारी सगळ्या गावाला जेवण, संध्याकाळी कविता. पुस्तकांच्या टेबलापाशी मी कितीतरी वर्षं बसत आलेय.

मी बेळगावातल्या वडगावची, विणकराच्या घरातली. मागाच्या खडखडाटातच मी पहिली कादंबरी लिहिली, जेमतेम साठ-सत्तर पानांची. गोष्ट साधी होती. खेड्यातल्या संमेलनात अध्यक्षांचं भाषण चोरीला जातं, आणि शेवटी चोर निघते जेवणाचं बघणारी बाई. हस्तलिखित मी जाते त्या संमेलनाच्या चिटणीसांना वाचायला दिलं. निवृत्त गुरुजी, सगळे त्यांना अण्णा म्हणत. त्यांनी प्रकाशनही त्याच संमेलनात ठरवलं, आणि चोर कोण हे अख्ख्या गावाला सांगून टाकलं.

प्रकाशनाच्या दिवशी कोल्हापूरहून पुस्तकांचे गठ्ठे घेऊन येणारी गाडी निपाणीच्या अलीकडे बंद पडली. माझ्या पिशवीत एकच प्रत होती, आदल्या आठवड्यात मी स्वतः जाऊन आणलेली. ती अण्णांनी दिंडीच्या पालखीत ठेवली. लेझीम खेळत दिंडी मांडवात पोचली, पालखी उतरली, आणि बघतो तर आत जुन्या पोथ्या तेवढ्या होत्या. माझं पुस्तक गायब.

"पडलं असेल वाटेत," अण्णा म्हणाले. चार जण वाट धुंडाळून आले. पाहुणे मंचावर बसलेले. माईकवाला मजेत होता. "बाई, तुमची कादंबरी खरी झाली की ओ!" तो माईकवरूनच म्हणाला. मांडव हसला. मला मात्र रडू यायचं बाकी होतं.

मग मी दिंडीत मोबाईलवर काढलेले फोटो उघडून बघितले. पालखी वाटेत दोनदाच थांबली होती, चावडीसमोर आणि शाळेपाशी. चावडीसमोरच्या फोटोत माझं निळं मुखपृष्ठ दिसत होतं. शाळेपाशी बायकांनी ओवाळलं, त्यानंतरच्या फोटोत ते नव्हतं. आणि शाळेच्या पटांगणातच जेवण शिजत होतं.

मी तिकडे गेले. चुलींवर भाताची पातेली रटरटत होती, बायका वांगी चिरत होत्या. "आक्का कुठं आहेत?" मी विचारलं. वर्षानुवर्षं या संमेलनाचं जेवण ज्यांच्या हाताखाली होतं, त्या आक्का. बायका एकमेकींकडे बघून हसल्या. एकीनं विळीवरूनच मानेनं खूण केली.

तांदळाच्या पोत्यांमागे आक्का भिंतीला टेकून बसल्या होत्या. चष्मा नाकावर, मांडीवर माझं पुस्तक.

"आक्का, अहो तिकडं सगळे थांबलेत!"

"थांबू देत. धाच पानं ऱ्हायल्यात." त्यांनी मान वर केली नाही. "गाव म्हणतंय तू मला चोर केलीस. मग वाचाय नको व्हय मी? ओवाळताना दिसलं, घेतलं पदराखाली."

हे त्यांना कसं वाटेल, असा विचार लिहिताना एकदाही माझ्या मनात आला नव्हता. मी त्यांच्या शेजारी पोत्यावर बसून राहिले. त्यांनी शेवटचं पान संपवलं, पुस्तक मिटलं.

"चुकलं माझं, आक्का," मी म्हणाले.

"लई चुकलं. बारा वाजता ही बाई सैपाक सोडून भाषण चोराय जाती? हजार माणसांचा भात चुलीवर असताना? खाली लागंल की गं सगळा! चोरायचं तर जेवणं झाल्यावर चोरंल."

त्यांना चोरीचा राग नव्हताच, वेळेचा होता. मी हसायला लागले, मग त्याही हसल्या. मी त्यांचा हात धरून मांडवात घेऊन आले आणि पाहुण्यांना विनंती केली की पुस्तक आक्कांच्या हातून प्रकाशित होऊ दे. पाहुणे आनंदानं बाजूला सरले. आक्कांनी पदराला हात पुसले, पुस्तक उंच धरलं आणि माईकसमोर म्हणाल्या, "मी वाचलंय. चांगलं हाय. पर चोर पटत न्हाय. तुमीबी वाचा आनि सांगा."

एवढं लहान भाषण त्या मांडवात कुणी ऐकलं नव्हतं. दुपारी गठ्ठे आले, आणि भात-आमटी जेवून उठलेली माणसं थेट माझ्या टेबलाशी आली. संध्याकाळी कविता चालू असताना मागच्या रांगेत चोरावरून वाद चालला होता.

पुढच्या छपाईत मी चोरीची वेळ बदलली. आता नवीन काही लिहिलं की कागद आधी आक्कांकडे जातात. दुपारची कामं आटोपली की त्या वाचतात आणि फोन करतात. परवा म्हणाल्या, "तिसऱ्या भागात ती पोरगी लई रडती. जरा शेताकडं धाड तिला."

मी धाडली.