टेकाडावरचा ताप

पाण्याच्या आधी उंदीर आले. उसाच्या फडांत पाणी साचायला लागलं, तशी बिळं सोडून ते आमच्या केंद्राच्या टेकाडावर चढले. प्रयोगशाळेच्या ओट्याखाली, बेण्याच्या खोलीत, ट्रॅक्टरच्या सीटखाली, जिथं कोरडं सापडेल तिथं घुसले. ट्रॅक्टर चालवणारे मामा त्यांना काठीनं हाकलायचे आणि मग स्वतःच म्हणायचे, "ह्येंनी तरी जायाचं कुटं?"

शिरोळ आणि कुरुंदवाडच्या मधे, भोवती नुसता ऊस, आणि त्यात उंचवट्यावर आमचं छोटं ऊस संशोधन केंद्र. एक प्रयोगशाळा, एक बेण्याची खोली, मागं राहायच्या दोन-तीन खोल्या. मी तिथं उसाच्या रोगांवर काम करायचे. माझं घर हातकणंगल्याकडचं. वडील रेल्वेत होते. आई पाहुण्यांना सांगायची, "आमची पोरगी उसाची डॉक्टर हाय," आणि पाहुणे हसायचे.

केंद्राचे प्रमुख, त्यांना आम्ही सरच म्हणायचो, वऱ्हाडातले होते. बायको-मुली तिकडं, हे इथं एकटे. माणूस कमी बोलणारा, पण नव्या वाणाच्या रोपांपाशी उभे राहिले की तासभर सांगत बसतील. मामा आणि त्यांची बायको, म्हणजे सगळ्यांच्या मामी, केंद्रातच राहायचे. मामी आमचा स्वयंपाक करायच्या आणि दिवसभर मोठ्या आवाजात कुणाशी ना कुणाशी बोलत असायच्या, माणूस नसेल तर चुलीशी.

त्या वर्षी महापूर यायच्या आधीच बरेच दिवस फडांत गुडघाभर पाणी होतं. सरांनी कित्येक वर्षं निवडून काढलेली रोपं खालच्या वाफ्यांत होती. ती वर आणायची म्हणून सर आणि मामा रोज पाण्यात उतरायचे. सरांचा एक बूट पहिल्याच दिवशी चिखलात रुतला तो निघालाच नाही. मग ते अनवाणीच जायला लागले. त्यांच्या टाचांना भेगा होत्या. संध्याकाळी व्हरांड्यात बसून ते पाय धुवायचे, तेव्हा त्या भेगा पांढऱ्या पडलेल्या दिसायच्या. मला रोपं ट्रेमध्ये भरायचं काम होतं. मी पाण्यात फारशी उतरले नाही.

मग रस्ता गेला. बाकीचे कामगार रस्ता असतानाच आपापल्या गावी गेले होते. जवानांची होडी आली तेव्हा सर टेकाडाच्या कडेला उभं राहून ओरडून म्हणाले, "आम्ही उंचावर आहोत, धान्य आहे. आधी त्या पलीकडच्या वस्तीतल्या बायका-मुलांना न्या." होडीतून एकानं हात हलवला, परत येतो म्हणून. त्या दुपारी पाण्याची ओढ वाढली आणि होडी आलीच नाही. फोनला रेंज नव्हती. मामा ट्रॅक्टरच्या बॅटरीवर फोन चार्ज करायचे आणि आम्ही तो हातात धरून टेकाडभर फिरायचो.

सरांना ताप भरला तो त्यानंतर. पाण्यात भिजल्याचा असेल म्हणून आम्ही केंद्रात होत्या त्या तापाच्या गोळ्या दिल्या. पण पोटऱ्या अशा दुखायच्या की चादर लागली तरी ते कळवळायचे. डोळे लाल झाले. नुसते तांबारलेले नाहीत, गडद लाल. एक दिवस थोडा उतार पडला, ते उठून बसले, रोपांना पाणी घातलं का म्हणून त्यांनी विचारलं. मामी म्हणाल्या, "एवढं भवतीनं पाणी हाय, आनि पाणी घातलं का म्हणून इचारत्यात," आणि आम्ही सगळेच हसलो. त्यानंतर आम्ही चौघं मिळून हसलो नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांचे डोळे पिवळे दिसायला लागले. लघवी अगदी कमी, काळ्या चहासारखी. त्यांनी मला दारात थांबवलं.

"तुमचा विषय रोगशास्त्र ना?" ते म्हणाले. "रोगट रोप दिसलं की आपण काय करतो?"

मी त्यांच्या पिवळ्या डोळ्यांकडं बघत राहिले.

"सांगा ना."

"बाजूला काढतो, सर."

"मग झालं." आणि त्यांनी आतून कडी लावली. खिडकी तेवढी उघडी ठेवली. पेजेची वाटी खिडकीत ठेवायची, आपण मागं सरकायचं, मग त्यांनी घ्यायची, असं त्यांनीच ठरवून दिलं.

मामी घाबरल्या. "हे हितलं दुखणं न्हाय," त्या म्हणायच्या. "पाण्यासंगं कुठनं तरी लांबनं आलंय." मला त्यांना हसता आलं नाही, कारण मलाही तसंच वाटत होतं. उसाचा रोग मी पानाच्या शिरेवरून ओळखायचे. समोर माणूस पिवळा पडत होता आणि मला त्याचं नावसुद्धा माहीत नव्हतं.

सरांनी स्वतःच बोट टोचून रक्ताचा थेंब काचेवर घेतला आणि काच खिडकीत ठेवली. वीज नव्हती. आरशाचा सूक्ष्मदर्शक उजेडात नेऊन मी डोळे दुखेपर्यंत पाहिलं. रक्तपेशी होत्या. बाकी काही नाही. हा जंतू अशा साध्या भिंगाखाली दिसत नाही, हे मला पुढं दवाखान्यात कळलं.

"काही दिसत नाही, सर."

"बरं. काच उकळत्या पाण्यात टाका. आणि हात धुवा."

मग मामांना ताप आला. तेच सगळं, पोटऱ्या, डोळे. मी मामींना म्हणाले, "मामी, त्यांनाही वेगळं ठेवायला पाहिजे. तुम्हाला लागण होईल."

"हू दे," मामी म्हणाल्या आणि मामांचं डोकं मांडीवर घेऊन बसल्या. इतके दिवस त्या सरांच्या खिडकीपासून लांबून वाटी सरकवत होत्या. आता त्याच बाई मामांची थुंकी पदरानं पुसत होत्या.

प्रयोगशाळेच्या कपाटात बेण्यावरच्या प्रयोगासाठी आणलेली प्रतिजैविकाची पाकिटं होती. मामींना ते माहीत होतं, कपाट त्याच पुसायच्या. सकाळी त्या माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या.

"ती पावडर द्या त्येन्ला."

"मामी, ती उसाची आहे."

"उसाचा रोग जातोय न्हवं त्यानं? मग माणसाचा का न्हाय जायाचा?"

"ती पोटात घ्यायची नसते. आत आणखी काय काय मिसळलंय मला माहीत नाही. किती द्यायची माहीत नाही. पाकिटावर विषाचा त्रिकोण आहे, बघा."

"आनि न्हाय दिली तर?"

मी पाकीट परत कपाटात ठेवलं. मामी माझ्याकडं बघत राहिल्या. "तुमचा बाप असता तर दिली असती," त्या म्हणाल्या.

"नसती दिली, मामी."

मी कपाटाला कुलूप लावलं आणि किल्ली जवळ ठेवली. मामी माझ्याशी बोलायच्या बंद झाल्या. केंद्रात पहिल्यांदाच शांतता झाली. मी सरांच्या खिडकीशी जाऊन त्यांना हे सांगितलं. त्यांचा आवाज बसला होता. "बरोबर केलंत," ते म्हणाले. मग खोकले, बराच वेळ खोकत राहिले, आणि हातानं मला लांब व्हायची खूण केली. त्यांच्या रुमालावर लाल होतं.

सकाळी पेज घेऊन गेले तर त्यांनी हाकेला ओ दिली नाही. खिडकीतून त्यांची पाठ दिसत होती. ते भिंतीकडं तोंड करून झोपले होते. मी मामींना बोलावलं. दोघींनी मिळून ट्रॅक्टरची पहार घालून कडी उचकटली. आत शिरले, त्यांच्या खांद्याला हात लावला, आणि कळलं. इतक्या दिवसांत मी त्यांना पहिल्यांदा हात लावत होते.

मामींनी आपलं एक धुतलेलं लुगडं आणून त्यांच्यावर घातलं. तोंडावरचं रक्त त्यांनीच पुसलं. मग इतक्या वेळानं माझ्याशी बोलल्या. "काय तरी म्हणाय पायजे. असंच कसं ठेवायचं? मला काय येत न्हाय."

"मला आमच्यातलं येतं."

"म्हण की मग."

मी त्रिशरण म्हटलं, पंचशील म्हटलं. सरांना ते चाललं असतं की नाही, कोण जाणे. मामी हात जोडून उभ्या राहिल्या. शेजारच्या खोलीतून मामा विचारत होते, "काय झालं गं? सायेब बरं हायेत न्हवं?" मामी पदर सावरून त्यांच्याकडं गेल्या.

पाऊस कमी झाल्यावर होडी आली. जवान म्हणाला, पाणी अजून ओढ घेतंय, जास्त भार नको, आधी आजारी माणूस. मामांना चादरीच्या झोळीत घालून उतरवलं. मामी बरोबर गेल्या. माझ्यासाठी जागा होती, पण मला सरांना एकटं ठेवून जायचं नव्हतं. "पुढच्या खेपेला दोघं येतो," मी म्हणाले, आणि जवानानं माझ्याकडं नीट पाहिलं, मग मान हलवली. ती दुपार मी त्या उघड्या दारात बसून काढली. उंदीर व्हरांड्यात फिरत होते. रोपांचे ट्रे त्यांनी पार कुरतडून टाकले होते. त्या वेळी मला त्याचं काही वाटलं नाही.

कोल्हापूरच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी मामांकडं बघताक्षणीच विचारलं, "पुराच्या पाण्यात उतरला होता?" तो लेप्टोचा ताप होता. उंदराच्या लघवीतून पाण्यात, पाण्यातून पायाच्या जखमेत. जुनाच रोग, जगभर असलेला. साध्या गोळ्यांनी बरा होणारा, वेळेत मिळाल्या तर.

"माणसाकडून माणसाला होतो?" मी विचारलं.

"नाही हो. तसं सहसा होतच नाही."

मामी तिथंच होत्या. पावडरीचंही मी विचारलं, त्यांच्यादेखत. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "दिली नाही ते चांगलं केलंत. नाहीतर हेही हाती लागले नसते." मामींनी ऐकलं. थोड्या वेळानं त्यांनी पिशवीतून पाण्याची बाटली काढून माझ्यापुढं धरली.

मामांच्या मूत्रपिंडांना बरेच दिवस यंत्राचा आधार द्यावा लागला. वाचले. पुन्हा ट्रॅक्टर चालवायला लागले, पण पाणी साचलेल्या शेतात कधी उतरले नाहीत आणि त्यांना कुणी उतरायला सांगितलंही नाही.

रस्ते मोकळे झाल्यावर सरांच्या बायको थोरल्या मुलीला घेऊन केंद्रात आल्या. त्यांना ती खोली बघायची होती. आम्ही चुना मारून घेतला होता, पण कडी अजून वाकडीच होती. त्यांनी तिच्यावरून बोट फिरवलं.

"शेवटी त्यांच्याजवळ कोण होतं?"

"कोणी नव्हतं," मी म्हणाले. "दार त्यांनी आतून लावलं होतं. आम्हाला लागण होऊ नये म्हणून."

"आणि ती होणार नव्हती."

"नाही."

त्या खाटेवर बसल्या. "घरीसुद्धा असंच करायचे. साधी सर्दी झाली तरी पोरींना जवळ येऊ द्यायचे नाहीत." एवढं बोलून त्यांनी तोंडाला पदर लावला. मुलगी खिडकीशी जाऊन उभी राहिली, बाहेर बघत.

मामी चहा घेऊन आल्या आणि परत न जाता त्यांच्या पायाशी जमिनीवर बसल्या. मी बाहेर आले. त्या बाई काय बोलत होत्या ते ऐकू येत नव्हतं. मामींचं तेवढं येत होतं, त्यांना हळू बोलता यायचंच नाही. "व्हय, जेवायचे की. पेज आवडायची त्येन्ला. व्हय, मीच दिली. खिडकीतनं दिली."