सुभद्राबाईंची नथ

भोसरीत त्या काळी गरिबाघरची पोर बोहल्यावर उभी राहायची ती पाटलांच्या सुभद्राबाईंची नथ घालून. बाई तळेगाव दाभाड्याच्या, मोठ्या घरातल्या. प्लेगाच्या कितीतरी आधी लग्न होऊन दमणीतून आल्या, तेव्हा नाकात ही नथ होती. टपोरे मोती, मधोमध लाल खडा. पंचक्रोशीतल्या लग्नात बाई आल्याशिवाय पानं वाढली जायची नाहीत. बोलायला फटकळ, पण हात सढळ. नथ मागायला आलेल्या कुणाला त्यांनी कधी माघारी पाठवलं नाही. "ही नथ जिच्या नाकात गेली, तिचं कुंकू जन्मभर टिकलं," असं बायका सांगायच्या.

साफ खोटं. बाईंच्या स्वतःच्या लेकीच्या, अंबूच्या लग्नात तिच्या नाकात हीच नथ होती, आणि दोन वर्षांत तिचा नवरा प्लेगात गेला. अंबू तेव्हा नऊ वर्षांची. पण तिला कुणी धरलंच नाही त्या हिशेबात. नाकानं कांदे सोलायला आमचं गाव मोठं हुशार!

अंबू माहेरी आली ती कायमची. आम्ही सगळ्या तिला अंबुआत्या म्हणायचो. नथ जपायचं काम तिचं. रिठ्याच्या पाण्यात धुवायची, सैल झालेला मोती नीट बसवायची, वाटीत ठेवायची. आणि नवरीकडच्या बायका अंगणात आल्या की आतल्या खोलीच्या दाराआड जायची. नवरीच्या वस्तूवर विधवेची सावली नको ना! "अंबे, आत जा," असं बाईच सांगायच्या. जन्मदात्या आईनं सांगायचं, याचाच मला अजून राग येतो.

मग पाटील वारले. पुढच्या लग्नसराईत बायका आल्या तेव्हा सुनेनं, दुर्गाबाईंनी, वाटी बाहेर आणली, आणि बाई कुणी न सांगता आपल्या पायांनी दाराआड गेल्या. अंबुआत्यानंच मला हे एकदा सांगितलं. "आई माझ्या बाजूला येऊन हुबी ऱ्हायली. नुसता माझा हात धरून ठिवला."

माझं लग्न पंचावन्न सालचं. पिंपरीला कारखाने उभे राहत होते, नवरा तिथं नव्यानं लागलेला. आता कसली मागून आणलेली नथ, असं मी म्हणत होते, पण माझ्या आईपुढे कुणाचं काय चालतंय! घातली. लग्नानंतर ती परत द्यायला मीच गेले. बाई अंथरुणाला खिळल्या होत्या. "हिकडं आन," म्हणाल्या. मी नथ त्यांच्या हातावर ठेवली.

"अंबे, हितं बस. नाक म्होरं कर."

दुर्गाबाई दारातून म्हणाल्या, "सासूबाई, असं काय करताय? लोक काय म्हंतील?"

"लोकांचं लई ऐकलं. मरायच्या आदी एकदा माझ्या लेकीचं नथ घातल्यालं त्वांड बघायचंय मला. दुसरं कायबी मागत न्हाई."

अंबुआत्या नको नको म्हणत होती. पण बसली. डोक्यावरचा पदर सारखा केला, डोळे मिटले. सत्तरीला टेकलेली ती, आणि नवरीसारखी लाजली. मला तिथं बघवेना.

बाईंनी नथीची तार नाकाला लावली. जाईना. जरा वर लावली, जरा खाली. शेवटी मी पुढे होऊन पाहिलं. भोक नव्हतंच. त्या जागी नुसती बारीकशी खळी होती.

"बुजलंय, आई," अंबुआत्या म्हणाली.

"कवा गं?"

बाईंनी परत विचारलं तेव्हा ती डोळे न उघडता म्हणाली, "आपलं भोक बुजू नये म्हनून मी कडुलिंबाची काडी घालून निजायची. तोंडावर पांघरूण घेऊन. एक दिस तू बघितलीस, आन् काडून चुलीत टाकलीस. त्याच्या म्होरं बुजलं."

त्या बोलण्यात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

"मीच टाकली," बाई म्हणाल्या. "माझ्याच हातानं टाकली गं पोरी." त्यांचं बोट लेकीच्या नाकावरच्या त्या खळीवर तसंच राहिलं, आणि दोघी रडत राहिल्या. मीही रडले.

बाई पंधरवड्याच्या आत गेल्या. पुढच्या वर्षी चुलतबहिणीच्या लग्नासाठी नथ आणायला मीच गेले. दुर्गाबाईंनी वाटी दिली. मोती नेहमीसारखे लख्ख धुतलेले.

"अंबुआत्या कुठंय?" मी विचारलं.

त्यांनी आतल्या खोलीकडे मान केली. मी वाटी घेऊन तशीच दारापाशी गेले आणि दार ढकलायला हात लावला. ते आतून धरलेलं होतं.

"आत येऊ नगंस," अंबुआत्या म्हणाली. "नवरीची नथ हाय तुझ्या हातात."