जागचं हलायचं नाही

कॉलेजात तिला सगळे टाचणीताई म्हणत. कपड्यांच्या मोठ्या दुकानात काचेमागचे पुतळे सजवायचं तिचं काम. ओठांत टाचण्या धरायची सवय इतकी अंगवळणी पडलेली, की वर्गातही ती ओठ मिटूनच बोलायची. लग्न, मग लेक, मग दुकान, असं करत पदवीचं जे घोडं अडलं होतं ते छत्तिशीत एकदाचं पुढे सरकलं. विषय घेतला आधुनिक अमेरिकेचा इतिहास. का, तर त्याचा तास सकाळी असे आणि दुकान दुपारी उघडे. कुणी विचारलं की ती एवढंच सांगायची आणि विचारणाऱ्याचा हिरमोड व्हायचा.

एके दिवशी मॅडमनी पडद्यावर एक फोटो दाखवला. नीटनेटका दिवाणखाना, सोफ्यावर आईबाप, गालिच्यावर पोरं. सगळे पुतळे. गेल्या शतकाच्या मध्यावर तिथल्या सरकारनं वाळवंटात खरीखुरी घरं बांधली, त्यांत पुतळ्यांची कुटुंबं बसवली आणि जवळच अणुबॉम्ब उडवला. घराचं काय होतं, माणसाचं काय होतं, ते बघायला. स्फोटाची विषारी धूळ वाहून नेणाऱ्या वाऱ्याच्या वाटेवर राहणाऱ्या खऱ्या माणसांना मात्र काळजीचं कारण नाही असं कळवलं होतं.

टाचणीताईनं आधी शर्ट कसा बसलाय ते पाहिलं. खांद्यावर चुणी नाही, कॉलर सरळ. मनातल्या मनात तिनं शाबासकीही देऊन टाकली. मग दुसरा फोटो आला, स्फोटानंतरचा. खिडकीजवळच्या पुतळ्याच्या अंगात काचा घुसल्या होत्या आणि कॉलर अजून सरळ होती. हे कपडे कुणीतरी चढवले असणार. कुणीतरी तिच्यासारखंच पुतळ्याचा सुटा पंजा पिळून मनगटात बसवला असेल, पोराचे केस सारखे केले असतील आणि दार ओढून घेऊन गाडीत बसलं असेल. बॉम्बपेक्षा ते ओढून घेतलेलं दार तिच्या डोक्यातून जाईना.

तिचं स्वतःचं घर रसायनांच्या कारखान्याच्या कुंपणाला लागून होतं. नवरा तिथंच कामाला, सासऱ्यांची सगळी नोकरी तिथलीच, म्हणून कंपनीची खोली. सासऱ्यांना सगळे अण्णा म्हणत. दर सोमवारी सकाळी वायुगळतीची सूचना देणाऱ्या भोंग्याची चाचणी व्हायची. भोंगा वाजला की खिडक्या लावायच्या, दाराखाली ओलं फडकं सारायचं आणि लाउडस्पीकर सांगेपर्यंत जागचं हलायचं नाही, असं कंपनीचा साहेब घरोघरी शिकवून गेला होता. अण्णांना ते देववाक्यच. ते नातीकडूनही घोकून घ्यायचे.

त्या फोटोनंतर टाचणीताईनं नवऱ्याच्या मागे टुमणं लावलं. "अहो, आपण दुसरीकडे जागा बघू या. लांब, कारखान्यापासून."

"अण्णांचं आयुष्य गेलं इथं. काही झालं का त्यांना?"

"व्हायची वाट बघायची का?"

"तुझं ते कॉलेज जरा अतीच होतंय," नवरा म्हणाला. माणूस वाईट नव्हता, पण वडिलांसमोर त्याची जीभ टाळूला चिकटायची. एरवी टाचणीताईही विषय सोडून देत असे, पण या वेळी तिच्या जिवाला घोर लागला होता.

मॅडमनी प्रत्येकाला एक प्रकल्प दिला. तिनं वाळवंटातलं ते घर निवडलं. तसाच फोटो काढायला पुतळे मागितले तर दुकानदार म्हणाला, "बोटं तुटली तर कोण भरून देणार?" मग रविवारी दुपारी तिनं घरच्यांनाच बसवायचं ठरवलं. यातून त्यांना आपलं म्हणणं पटेल अशीही आशा होती. पुतळ्यांच्या जागी स्वतः बसून बघा म्हणावं.

अण्णा खिडकीजवळच्या खुर्चीत, नवरा टेबलाशी, लेक जमिनीवर. ओठांत टाचण्या धरून ती कामाला लागली. सवयीनं तिनं नवऱ्याचा शर्ट पाठीमागे टाचला, त्याचा हात कोपरापासून वळवून टेबलावर ठेवला. हात ठेवला तसा राहिला. लेकीची हनुवटी दोन बोटांनी वर केली आणि टाचण्या काढून म्हणाली, "आता हलायचं नाही. श्वाससुद्धा हळू." लेकीची पापणीसुद्धा लवेना. तिघे इतके छान बसले, की टाचणीताईच्या अंगावर काटा आला. दुकानात काचेबाहेर जाऊन बघावं तशी ती दारापर्यंत मागे गेली आणि मोबाइल उचलला.

तेवढ्यात भोंगा वाजला.

रविवारी तो कधीच वाजत नसे. "झाला फोटो, उठा," ती म्हणाली. कुणी उठलं नाही.

अण्णा मान न वळवता म्हणाले, "सूनबाई, खिडकी लाव. फडकं ओलं कर."

"अण्णा, आज सोमवार नाही. चला इथून."

"साहेबांनी काय सांगितलंय? जागचं हलायचं नाही."

बाहेर दोरीवरचे कपडे कारखान्याकडून घराकडे फडफडत होते. वारा इकडेच येत होता. घशात काहीतरी खरखरलं. ती नवऱ्याकडे वळली. "अहो, चला ना."

त्याचे डोळे तिच्याकडे आले, मग वडिलांकडे गेले. "अण्णांना सोडून कसा येऊ?" तो ओठ न हलवता पुटपुटला.

तिनं लेकीचा हात ओढला. हात ताठ होता. "आई, लाउडस्पीकरनं सांगेपर्यंत नाही," लेक म्हणाली, हनुवटी वरच ठेवून. टाचणीताईनं मग तिला आख्खीच्या आख्खी काखेत उचललं, दुकानात पुतळा नेते तशी, आणि बाहेर पडली.

वाऱ्याला आडवं जायचं एवढंच तिच्या डोक्यात होतं. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. दोन्ही बाजूंच्या घरांच्या खिडक्या लागलेल्या, आणि एकेका काचेमागे माणसं आपापल्या खुर्च्यांत, पलंगांवर, निमूट बसलेली. ती समोरून पळत गेली तरी कुणाची नजर वळली नाही. फक्त तिच्या चपलांचा आवाज आणि वर भोंगा.

वळणावर तिनं लेकीला खाली उतरवलं आणि मागे पाहिलं. तिच्या घराचं दार लागलेलं होतं. बाहेर पडताना आपणच ते ओढून घेतलं हे तेव्हा तिच्या ध्यानात आलं. भोंगा थांबला. लाउडस्पीकर काहीच बोलेना. ती जीव खाऊन ओरडली, नवऱ्याला, आयुष्यात पहिल्यांदा नावानं.

उघड्याच राहिलेल्या खिडकीतून तो दिसत होता. शर्टाला एक चुणी नव्हती, आणि हात तिनं ठेवला होता तसाच टेबलावर होता.